मेंदूविकारांतली विषमता शोधणारे संशोधक कसे तयार करावेत?

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवणाऱ्या सहयोगी प्राध्यापकांकडे तीन तरुण डॉक्टर आहेत. एक नुकताच न्यूरॉलॉजीत, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांत, डीएम (एमडीनंतरची पदवी) झालेला, दोघी कम्युनिटी मेडिसिनच्या, म्हणजे समाजाच्या आरोग्याच्या शाखेतल्या, एमडी. फिट्स आणि पक्षाघात या आजारांत गाव-शहर, गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष असा जो फरक पडतो, त्यावर तिघांना संशोधन करायचं आहे. त्यांना तयार कसं करावं? आधी आकडेशास्त्राचा कोर्स, परदेशी फेलोशिप, की थेट प्रोजेक्ट? आणि पैसा कुठून आणायचा?

उत्तर:

सर, कोर्स, फेलोशिप आणि प्रोजेक्ट या तिन्हींचा नंबर नंतर लागतो. आधी तिघांनाही आपल्या ओपीडीत कोण येत नाही हे मोजायला बसवा. आपण सगळे समोरच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाकडे बघायला शिकलेलो. या कामात न आलेला रुग्ण हाच विषय असतो, आणि त्याला शोधायचं कसं हे एमबीबीएसपासून डीएमपर्यंत कुणी शिकवत नाही. मी बरीच वर्षं अशा मुलांना गाइड करतो आहे. हुशार मुलांचंही घोडं पेंड खातं ते इथेच. त्यांचं गणित चोख असतं, सॅम्पल मात्र रुग्णालयाच्या दारातून आत आलेल्यांचं असतं.

पहिला सराव अगदी साधा आहे. जवळचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या. सपाट भागात त्याच्याखाली ३०,००० लोकसंख्या धरतात, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,०००. भारतातल्या बऱ्याच सर्वेक्षणांत अपस्माराचं, म्हणजे फिट्सच्या आजाराचं, प्रमाण हजारी ५ च्या आसपास आलेलं आहे. म्हणजे ३०,००० वस्तीत दीडशेच्या घरात रुग्ण असायला हवेत. आता केंद्राचं रजिस्टर, ग्रामीण रुग्णालयाचं रजिस्टर आणि तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन डॉक्टरांकडची माहिती एकत्र करा. समजा, सगळे मिळून चाळीस भरले. मग तिघांना विचारा, उरलेले एकशे दहा कुठे गेले?

उत्तरं ठरलेली येतात. काही लातूर-सोलापूर-पुण्याच्या खासगी डॉक्टरांकडे जातात. काही देवरुष्याकडे. काहींच्या घरच्यांनी आजार लपवला आहे. काही वारले. आणि कदाचित हजारी ५ हा आकडाच आपल्या तालुक्याला लागू नसेल. प्रत्येक उत्तरात थोडं तथ्य असतं, पण प्रत्येक उत्तर तपासायची रीत निराळी. खासगी उपचारांचा अंदाज मेडिकल दुकानातल्या फेनिटोइन आणि व्हॅल्प्रोएट या फिट्सवरच्या औषधांच्या खपावरून बांधता येतो. देवरुष्याकडे जाणाऱ्यांशी निवांत, प्रश्नावली बाजूला ठेवून बोलावं लागतं. लपवलेल्या आजाराला घरोघर फिरणं आलं. मृत्यूंसाठी व्हर्बल ऑटॉप्सी, म्हणजे घरच्यांकडून शेवटच्या दिवसांची हकीकत पद्धतशीर विचारून कारण ठरवणं. साथरोगशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम या एका प्रश्नाच्या पोटात आहे, आणि वर्गात जो कंटाळवाणा वाटतो तो इथे मुलं स्वतःहून मागून घेतात.

शेवटचं उत्तर, आकडाच चुकीचा असण्याचं, हलक्यात घेऊ नका. बंगळूर शहर आणि आसपासच्या खेड्यांत डॉ. गौरी देवी आणि निमहान्स या तिथल्या मेंदू-मनोविकार संस्थेतल्या सहकाऱ्यांनी लाखावर लोकांचं घरोघर सर्वेक्षण केलं, ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात अपस्माराचं प्रमाण हजारी ८.८ निघालं. फोड करून पाहिलं तर शहरी भागात ५.७ आणि ग्रामीण भागात ११.९. एकाच परिसरात, त्याच पथकाने, त्याच पद्धतीने मोजलेला हा दुपटीचा फरक. उलट काश्मीरमधल्या १९८८ च्या अभ्यासात हजारी अडीचच्याही खाली आकडा आला होता. आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला मुंबईच्या पारशी समाजातल्या पार्किन्सन्सचा (कंपवाताचा) अभ्यास, डॉ. नदीर भरुचा यांचा: लाखात ३२८. हा आकडा ऐकून विद्यार्थी लगेच जनुकांकडे धावतात. त्यांना आधी पारशी समाजाचं वयोमान बघायला सांगा. म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण जास्त असलेल्या समाजात पार्किन्सन्स जास्त दिसणारच. वयाचा हिशेब समान केल्याशिवाय दोन गटांची तुलना करायची नाही, हे ज्याच्या अंगवळणी पडलं नाही त्याने विषमतेबद्दल बोलू नये.

आता तुमच्या भागापुरतं, अपस्माराबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, त्यातले ८० टक्क्यांच्या आसपास कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. नीट निदान आणि औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात. औषधं जुनी आहेत आणि स्वस्तही. कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी यांनी नुसत्या फेनोबार्बिटोन किंवा फेनिटोइनवर खेड्यातले रुग्ण वर्षानुवर्षं सांभाळून दाखवले, ते काम २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्यामुळे आपल्या तिघांपुढचा प्रश्न जीवशास्त्राचा फारसा नाही. औषध आणि माणूस यांच्यामध्ये काय उभं आहे, हे त्यांना शोधायचं आहे.

ते शोधायला घरात शिरावं लागतं, आणि इथे डोळे तयार करावे लागतात. एक उदाहरण देतो, कारण प्रशिक्षणात मी ते हटकून करून घेतो. सर्वेक्षक ओसरीवर बसलेला आहे, सासूबाई उत्तरं देताहेत. “आमच्यात कुणाला काही नाही, समदी धडधाकट.” प्रश्नावलीत सगळीकडे ‘नाही’. आत चुलीपुढे सून भाकरी थापते आहे, आणि तिच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जुना भाजल्याचा वण आहे. एका हाताला, सलग, आतल्या बाजूपर्यंत गेलेला. ज्याने फिट येऊन चुलीत पडलेल्या बाया पाहिल्या आहेत त्याला तो वण लगेच दिसतो. नवख्याला दिसत नाही, कारण तो टॅबकडे बघत असतो. पुढची पायरी त्याहून अवघड. तिथल्या तिथे, सासूसमोर, काहीही विचारायचं नाही. खोटं निमित्तही काढायचं नाही. घरातल्या सगळ्या प्रौढ माणसांशी स्वतंत्र बोलणं हा प्रोटोकॉलचाच भाग आहे असं पहिल्या भेटीत सांगून ठेवायचं, आणि बायकांची मुलाखत उपकेंद्रावर, बाई सर्वेक्षकाने घ्यायची. हे प्रोटोकॉलमध्ये आधीपासून लिहिलेलं असलं तरच प्रत्यक्षात होतं.

बायका का लपवतात किंवा त्यांचं का लपवलं जातं, याला नुसतं ‘अज्ञान’ म्हणून मोकळं होणाऱ्या विद्यार्थ्याला थोडा कायदा वाचायला लावतो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीपासून अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहाच्या पात्रतेतला अडसर होता. तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला. म्हणजे तेवीस वर्षं खुद्द कायदाच सांगत होता की हा आजार असलेली मुलगी लग्नाला योग्य नाही. ज्या आईने त्या काळात मुलीची फिट झाकून लग्न लावलं, ती अडाणी नव्हती. तिला परिस्थिती नेमकी कळली होती.

प्रश्न विचारण्याबद्दल एकच गोष्ट: आजाराचं नाव घेऊन विचारू नका, घडलेलं विचारा. अचानक शुद्ध हरपून कधी पडलात का, अंग ताठ होऊन झटके आले का, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, भानावर आल्यावर किती वेळ गुंगी होती. आशाताई किंवा सर्वेक्षक चाळणी लावणार आणि न्यूरॉलॉजिस्ट खात्री करणार, अशी दोन टप्प्यांची पद्धत बहुतेक जण वापरतात, ती चांगलीच आहे. पण चाळणीत ‘नाही’ ठरलेल्यांपैकी काही लोक चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि तेही न्यूरॉलॉजिस्टने तपासावेत. हा खर्च वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो. तो वाचवला की चाळणीतून किती रुग्ण निसटले हे कधीच कळत नाही, आणि निसटणारे नेमके तेच असतात ज्यांच्यासाठी आपण हे सगळं मांडलेलं आहे. तुमच्या डीएम झालेल्या मुलाने खात्रीसाठी प्रत्येकाचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) मागितला तर त्याला थांबवा. घरच्यांनी मोबाइलवर घेतलेला झटक्याचा व्हिडिओ पुष्कळदा ईईजीपेक्षा जास्त सांगून जातो, शिवाय फिटसारखे दिसणारे पण फिट नसलेले मानसिक ताणाचे झटकेही त्यात ओळखू येतात.

आता वेळापत्रक. तुम्ही मराठवाड्यात आहात म्हणून मुद्दाम लिहितो. थिसिस असो की प्रोजेक्ट, सर्वेक्षण हटकून हिवाळ्यात ठरतं: हवा चांगली, परीक्षा नाहीत, गाडी मिळते. बीड आणि आसपासच्या तालुक्यांतल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर गेलेल्या असतात. त्या परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. डिसेंबरात गावात जाल तर ज्या घरांना कुलूप आहे त्यांच्यापुढे ‘उपलब्ध नाही’ असं लिहून पुढे सराल. कागदावर प्रतिसाद ८५ टक्के दिसेल, समीक्षकही खूश होतील, आणि राहून गेलेले १५ टक्के हे गावातले सगळ्यांत कोरडवाहू, भूमिहीन लोक असतील. त्यातल्या फिट येणाऱ्या माणसाचं काय होतं याचा विचार करा: फडात कोयता हातात, पहाटे थंडीत तोडणी सुरू, झोप तुटलेली, आणि गावच्या केंद्रातून मिळणारं महिन्याचं औषध गावातच राहिलेलं. झोपमोड आणि औषधाचा खंड ही फिट येण्याची दोन पक्की कारणं. हा अख्खा प्रबंधाचा विषय आहे, आणि तुमच्या दोघी कम्युनिटी मेडिसिनवाल्यांपैकी एकीने तो घ्यावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी गावाबरोबर कारखान्याच्या तळावरही जावं लागेल. नंदुरबारहून गुजरातेत जाणाऱ्या आदिवासी मजुरांबाबतही हेच गणित.

पक्षाघाताकडे वळतो. महाराष्ट्रात याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये उभ्या केलेल्या ‘सर्च’ संस्थेत, अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेले न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश्वर कालकोंडे काम करत होते. त्यांच्या गटाने ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूची व्हर्बल ऑटॉप्सी केली. लोकसंख्या सुमारे ९४,०००. तोवर सगळ्यांची समजूत अशी की आदिवासी, ग्रामीण भागात माणसं मरतात ती जंतुसंसर्गाने आणि कुपोषणाने. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले: १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने, म्हणजे सातातला एक, आणि मृत्यूचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण. यातली बहुतेक माणसं घरीच वारली. ती कोणत्याही रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये नव्हती. तुम्ही जिल्हा रुग्णालयाच्या नोंदींवर कितीही उत्तम सॉफ्टवेअर चालवलं असतं तरी हे दिसलं नसतं.

पण मोजून झालं की पुढचा प्रश्न लगेच येतो, आणि बरेच संशोधक तिथे दमतात: माणसं जास्त मरतात ती आजार जास्त होतो म्हणून, की आजार झाल्यावर उपचार मिळत नाहीत म्हणून? उपाय यावर ठरतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकांत पक्षाघाताचे मृत्यू गोऱ्यांपेक्षा जास्त, हे अनेक दशकं माहीत होतं. अलाबामा विद्यापीठातल्या व्हर्जिनिया आणि जॉर्ज हॉवर्ड यांनी ‘रिगार्ड्स’ हा अभ्यास उभा केला. २००३ ते २००७ मध्ये ४५ वर्षांवरचे ३०,२३९ लोक नोंदवले आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की हा फरक मुख्यतः पक्षाघात होण्याच्या प्रमाणातला आहे. झाल्यानंतर दगावण्याच्या प्रमाणात तसा मोठा फरक नाही. म्हणजे नुसती रुग्णालयं सुधारून ती दरी बुजणार नव्हती. भर द्यायला हवा होता रक्तदाबावर आणि तोही तरुण वयात. आपल्याकडे उत्तर तेच येईल असं मुळीच समजू नका. ज्या तालुक्यातून सीटी स्कॅन दोन तासांच्या अंतरावर आहे आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची, तिथे दोन्ही बाजू मोजाव्या लागतील. तुमच्या डीएम मुलाला हा विषय शोभेल: पक्षाघाताची पहिली खूण ते सीटीचं टेबल, या प्रवासात वेळ नेमका कुठे जातो. वाहनासाठी, पैशासाठी, घरातल्या कर्त्याची वाट बघण्यात, की आधी तालुक्याच्या डॉक्टरने लावलेल्या सलाइनमध्ये. माझा अनुभव विचाराल तर शेवटच्या दोन गोष्टींत.

आकडेशास्त्राबद्दल विचारलंत. लागणारं आकडेशास्त्र फार नाही, पण जे लागतं ते घोटून यावं. वयाचं प्रमाणीकरण, विश्वासमर्यादा (खरा आकडा कोणत्या दोन टोकांच्या मधे असेल याचा अंदाज), आणि गावं हा गट धरून सॅम्पल घेतलं तर त्याची संख्या किती वाढवावी लागते, एवढं पक्कं करा. याशिवाय दोन गोष्टी आहेत ज्या पुस्तकात चार ओळीत उरकतात आणि ज्यांच्यावर निम्मे निबंध फसतात.

एक, दरी फरकात मोजायची की पटीत. समजा, शहरात उपचाराविना असलेले रुग्ण २० टक्के आणि गावात ६०. पाच वर्षं कार्यक्रम चालला, शहरात ५ टक्के झाले आणि गावात ३०. वजाबाकी केली तर दरी ४० वरून २५ वर आली, वा! भागाकार केला तर तिप्पट होती ती सहापट झाली. दोन्ही खरं. मंत्रालयातला अधिकारी पहिला आकडा उचलेल, कार्यकर्ता दुसरा. संशोधकाने दोन्ही छापायचे, आणि कोणता का महत्त्वाचा मानतो ते उघड लिहायचं.

दोन, मॉडेलमध्ये सगळं कोंबून विषमता पुसून टाकण्याची सवय. विद्यार्थी अनुसूचित जमाती आणि इतर अशी तुलना करतो, मग उत्पन्न, शिक्षण, रस्त्याचं अंतर, घराचा प्रकार सगळं ‘ॲडजस्ट’ करतो आणि लिहितो की जमातीचा परिणाम आढळला नाही. अरे बाबा, जमातीमुळेच तर शाळा दूर होती, रस्ता नव्हता आणि जमीन गेली! ज्या वाटेने अन्याय पोचतो तीच वाट तू गणितातून काढून टाकलीस. आधी काही न मिसळता फरक दाखव, मग एकेक वाट घालून तो किती कमी होतो ते दाखव. आणि हो, जात-जमात नोंदवाच. बरेच जण संकोचाने ती नोंदवत नाहीत आणि मग ‘सामाजिक-आर्थिक स्तर’ या गुळमुळीत रकान्यात सगळं जातं. मात्र फरक दिसला की तो रक्तात किंवा जनुकांत शोधायची घाई नको.

कोर्स हवेच असतील तर घरबसल्या चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे ऑनलाइन आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यांचा बायोमेडिकल रिसर्चचा प्राथमिक कोर्स करावाच लागतो. तो पास होण्यापुरता न करता पुन्हा नीट करायला सांगा. पूर्ण वेळ जाणाऱ्याला तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राचं एमपीएच चांगलं. मुलाखती आणि गुणात्मक अभ्यास शिकायला मुंबईची टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. प्रत्यक्ष गावातलं काम बघायला सेवाग्राम, गडचिरोली किंवा पुण्याजवळचं वढू, जिथे केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र अनेक वर्षं लोकसंख्येची सलग नोंद ठेवतं आहे. सलग नोंद असलेल्या ठिकाणी महिनाभर राहून जे शिकता येतं ते कुठल्याही स्लाइडमध्ये मावत नाही.

यानंतर येतो सगळ्यांत अवघड टप्पा. दरी मोजणारे संशोधक आपल्याकडे हळूहळू वाढताहेत, ती बुजवण्याची चाचणी करणारे फार थोडे. जागतिक आरोग्य सभेने २०२२ मध्ये मेंदूविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. त्यात अपस्मारासाठी ९०-८०-७० अशी पायरी आहे: ९० टक्के रुग्णांना आपल्याला हा बरा ठेवता येण्याजोगा मेंदूचा आजार आहे हे माहीत असावं, निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांना योग्य, परवडणारी औषधं मिळावीत, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांच्या फिट्स आटोक्यात असाव्यात. तिन्हींचा गुणाकार करून बघा. सगळी उद्दिष्टं गाठली तरी निम्मेच रुग्ण फिटमुक्त होतात. तिघांना आपल्या तालुक्याची ही शिडी काढायला लावा: कोणत्या पायरीवरून सगळ्यांत जास्त माणसं घसरतात? माझा अंदाज, तुमच्याकडे मधल्या पायरीवरून. औषध लिहून दिलं जातं, पण केंद्रात साठा संपलेला असतो. फेनोबार्बिटोन तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत येतं, म्हणून स्वस्त असूनही ते मागवायला आणि ठेवायला फार्मासिस्ट नाखूश असतो. ई-औषधी या शासनाच्या ऑनलाइन औषधसाठा यंत्रणेवरच्या नोंदी आणि प्रत्यक्ष कपाट यांची तुलना हा छोटा, बिनखर्चाचा आणि अतिशय उपयोगी अभ्यास आहे.

चाचणी करायची तर निकाल विरुद्ध जाण्याची तयारी हवी. पक्षाघातानंतर घरच्याच माणसाला व्यायाम शिकवून पुनर्वसन करावं, ही कल्पना किती पटण्यासारखी आहे! फिजिओथेरपिस्ट गावात नाही, घरचे आहेत. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ चाचणी झाली. २०१७ मधला निकाल असा की सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यात काहीच फरक नाही. पुढे ‘स्प्रिंट इंडिया’मध्ये ३१ केंद्रांवर, अनेक भारतीय भाषांत संदेश, व्हिडिओ आणि पुस्तिका देऊन दुसरा झटका टाळायचा प्रयत्न झाला. औषधं घेण्यात आणि राहणीमानात सुधारणा दिसली, झटके कमी झाले नाहीत. उलट लुधियानात अपस्माराच्या रुग्णांच्या घरी आरोग्य कार्यकर्त्यांनी नियमित जाण्याचा प्रयोग झाला, तिथे औषध चालू ठेवण्याचं प्रमाण दवाखान्यात बोलावलेल्यांपेक्षा चांगलं राहिलं. या तिन्ही चाचण्या शेजारी ठेवून तिघांना एक दुपार वाद घालायला लावा. चांगला हेतू आणि परिणाम यांतलं अंतर यापेक्षा लवकर कळायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

नैतिकतेचं एकच कलम मी माझ्या मुलांना तोंडपाठ करायला लावतो: ज्याला शोधलं त्याला औषध. सर्वेक्षणात सापडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या औषधाची आणि पुढच्या तपासणीची सोय आधी लेखी झालेली नसेल तर सर्वेक्षण सुरू करायचं नाही. एथिक्स कमिटी हे विचारो न विचारो. आणि अर्जाच्या बजेटात औषधासाठी, तसंच न्यूरॉलॉजिस्टच्या महिन्यातून एकदाच्या फेरीसाठी रक्कम धराच. त्यातच आशाताईंच्या कामाचा मोबदलाही धरा. त्यांच्याकडून फुकट राबवून घेऊन विषमतेवर निबंध लिहिणं शोभत नाही. ज्या पर्यवेक्षकाने गावं पालथी घातली त्याचं नाव लेखकांत असावं, आभारात नाही.

निधीसाठी पहिला अर्ज आयसीएमआरकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे करा, लहान रकमेचा, एका तालुक्याचा. मोठ्या, बहुवर्षीय फेलोशिपसाठी इंडिया अलायन्स ही संशोधनाला पैसा देणारी संस्था आहे, पण तिथे उमेदवाराचं स्वतःचं आधीचं काम बघतात, म्हणून तिघांनी निदान एक छोटा अभ्यास पुरा केल्यावरच. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, त्यात महिने जातात हे धरून चाला.

परदेशी फेलोशिप नको असं मी म्हणणार नाही, पण क्रम महत्त्वाचा. स्वतःचा प्रश्न आणि स्वतःचा डेटा घेऊन गेलेला माणूस शिकून परत येतो. रिकाम्या हाताने गेलेला तिथल्या प्राध्यापकाचा प्रश्न घेऊन येतो, आणि मग पुण्या-मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकतो. नायजेरियातल्या इबादानचे मायोवा ओवोलाबी आणि अमेरिकेतले ब्रूस ओव्हबियागेले यांनी आफ्रिकेतल्या तरुण संशोधकांसाठी ‘टॅलेंट्स’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला, मेंदूविकारांच्या चाचण्या त्यांना स्वतः उभारता याव्यात म्हणून. मार्गदर्शक दोन खंडांतले, प्रश्न आणि रुग्ण आपल्या देशातले. असं काही तुमच्या विद्यापीठाला जमवता आलं तर तिघांपैकी कुणालाच नोकरी सोडून जावं लागणार नाही.

राहिली तुमची स्वतःची भूमिका, जी तुम्ही विचारलीच नाहीत. या तिघांना आठवड्यातून दोन सलग दिवस ओपीडी आणि इमर्जन्सीतून मोकळे करून द्या, तेही अधिष्ठात्यांच्या सहीने, तोंडी नको. तोंडी सवलत पहिल्या डेंग्यूच्या साथीत संपते. दुसरं, तिघांचा एकच तालुका ठेवा, म्हणजे डीएमच्या मुलाला गाव दिसेल आणि दोघींना रुग्ण नीट तपासता येईल. तिसरं, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आजच पत्र टाका आणि प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. रजिस्टरं बघायची परवानगी, आशाताईंची बैठक कोणत्या दिवशी असते, आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची ग्रामपंचायतीकडे यादी असल्यास ती, एवढंच त्यात मागा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि टोळ्या परत यायच्या आत तुमची प्रश्नावली गावात वापरून बघून झालेली हवी.